कस्टम सायकलिंग जर्सी: आठ महिने वापरल्यावर सांगतेय, विशेषतः बायकांसाठी

आमच्या ग्रुपमधल्या चौदा जणींनी नोव्हेंबरात जर्सी शिवून घेतल्या, एक साडेबाराशेला पडली. थंडी, एप्रिल-मेचं ऊन आणि आता पाऊस, सगळं त्यात काढलं म्हणून लिहितेय, कारण ऑर्डर देताना आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एकदा घेतल्या होत्या तेव्हा फसलो. 'लेडीज साइज' म्हणून पुरुषांचाच पॅटर्न लहान करून दिलेला. छातीत बसली की खाली घट्ट, खाली बसेल अशी मागवली तर खांद्यात ढगळ. आणि खाली घट्ट असली की पेडल मारता मारता वर वर सरकते, पुण्याजवळचा बोपदेव घाट चढताना मी दर दोन मिनिटांनी एक हात सोडून मागून जर्सी खाली ओढत होते, पाठीवरच्या खिशात फोन, ट्यूब आणि दोन केळी, तो खिसा वेगळाच हेलकावतोय. त्या दिवशी सासवडला चहा पिताना दोघी म्हणाल्या की आपणच वजन कमी करायला हवं. मला ते फार लागलं. माप कापडाचं चुकलेलं आणि ओशाळतेय बाई!

म्हणून यावेळी मापं आमच्या हॉलमध्ये घेतली. सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर लावली, प्रत्येकीला रोजची स्पोर्ट्स ब्रा आणि शॉर्ट्स घालून वर बसवलं, हात हँडलवर, आणि मग टेप. छाती, कंबर, हिप, आणि मानेच्या हाडापासून खाली पाठीची लांबी. ही शेवटची कुणी घेतच नाही. ग्रुपमधल्या एका काकूंची उभ्याने घेतलेली आणि वाकून घेतलेली यात जवळजवळ दोन इंचांचा फरक आला. आरशासमोर उभं राहून जर्सी पसंत करू नका प्लीज, उभं असताना जी सुंदर दिसते ती वाकलं की पोटावर गोळा होते आणि मागे कंबर उघडी. पुढून थोडी आखूड, मागून लांब, हेच बरोबर. आणि साइज चार्टवर विसंबू नका, सॅम्पलचा सेट मागवून घालूनच बघा, आम्ही स्मॉल ते थ्री एक्सएल मागवला आणि पाच जणींचा साइज बदलला.

कापड. दुकानदार आधी डॉट निट दाखवतो कारण ते स्वस्त, पण ते फारसं ताणलं जात नाही. आम्ही अंगाला 140 जीएसएमचं (चौरस मीटरला 140 ग्रॅम वजनाचं) पॉलिस्टर आणि बाजूच्या पट्ट्यांना, बाह्यांना फोर वे लायक्रा (आडवं-उभं दोन्हीकडे ताणलं जाणारं) घेतलं. एकीला कॉटन हवं होतं, पण एक तर सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णता देऊन कापडात उतरवतात त्या छपाईचा रंग कॉटनवर धरत नाही आणि घामाने भिजलं की ते अंगाला चिकटून बसतं. दोन गोष्टी मात्र आधी कळायला हव्या होत्या. मुळात पांढऱ्या कापडावर छपाई असते, त्यामुळे हिपवर ताण आला की गडद निळ्यातून पांढरं डोकावतं. आणि पाठीला हवा लागावी म्हणून दोघींनी जाळीचं कापड घेतलं, तर मे महिन्यात पाठीवर जाळीचे ठिपके भाजून निघाले, जाळी फक्त काखेखाली घ्या.

झिप पूर्णच घ्या. हाफ झिप दिसायला छान दिसते, मान्य, पण बिब शॉर्ट्सचे पट्टे जर्सीच्या आत खांद्यावर असतात, म्हणजे वॉशरूमला जायचं तर आधी जर्सी काढायची. हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या टॉयलेटमध्ये, जिथे खुंटी नाही, जमीन ओली, तिथे ओली जर्सी डोक्यातून ओढून काढून दातात धरायची हे मी 200 किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) केलंय, साडेतेरा तासांत संपवायची असते ती राइड, तिथे अशी पाच-पाच मिनिटं जातात. याचमुळे कितीतरी जणी पाणी कमी पितात आणि ते अतिशय वाईट आहे.

जर्सी वर सरकू नये म्हणून खालच्या कडेला आतून लावतात ती सिलिकॉनची पट्टी, ग्रिपर, पूर्ण गोल नको, उन्हाळ्यात पोटावर पुरळ उठलं. फक्त मागच्या अर्ध्यात रुंद मऊ इलॅस्टिक पुरतं.

डिझाइनला आम्हाला गुलाबी फुलंच दाखवत होते. आम्ही बाह्यांच्या कडेला पैठणीची नारळी बॉर्डर घेतली आणि पाठ भगभगीत नारिंगी, पावसात ट्रकवाल्याला लांबून दिसलं पाहिजे. बॉर्डर शिवणीवर जुळत नाही, कारण तुकडे आधी छापतात मग शिवतात, ते आर्टवर्क बघतानाच विचारा.

धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याने कापड घाम शोषायचं थांबतं. उलटी करून गार पाण्यात, सावलीत वाळवायची. रंग अजून तसाच आहे, वास मात्र राहतो, राइडवरून आल्या आल्या भिजवली तरच जातो.

एक चूक राहिलीच. खिसे सगळ्यांना एकाच उंचीवर लावले, काकू पाच फुटांच्या आतल्या, त्यांचा खिसा खाली गेला आणि चालू सायकलवर हातच पोचत नाही, चिक्की हवी असली की थांबतात. पुढच्या ऑर्डरला त्यांचा खिसा दीड इंच वर घ्यायचाय, टेप घेऊन मीच बसणार आहे.