डेबियन १२, काही महिन्यांच्या वापरानंतर: कीबोर्ड लेआउट सुधारण्याआधी पासवर्ड बदला

रोजच्या कामाला डेबियन १२ (लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) उत्तम चालतं. या आवृत्तीपासून फर्मवेअर (वाय-फायसारख्या भागांना लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येत असल्यामुळे वाय-फायची जुनी कटकटही बरीच कमी झाली. तरी हा अनुभव लिहायचा तो एकाच गोष्टीसाठी: इन्स्टॉलरमधला कीबोर्डचा प्रश्न, म्हणजे बटणांची मांडणी (लेआउट) कुठली ते. तिथे घाईत एंटर दाबला, तर त्याची किंमत पुढे पासवर्डात मोजावी लागते.

आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपची बटणं अमेरिकन मांडणीची असतात. इन्स्टॉलरमध्ये ‘ब्रिटिश इंग्लिश’ निवडलं गेलं तरी अक्षरं आणि आकडे जागच्या जागीच राहतात, म्हणून चूक लगेच लक्षात येत नाही. हलतात ती चिन्हं. शिफ्ट-२ दाबल्यावर @ ऐवजी " येतं, शिफ्ट-३ वर # ऐवजी £, आणि \ छापलेलं बटण # देतं. टर्मिनलमध्ये सगळ्यात जास्त अडतं ते | या चिन्हाशिवाय. ब्रिटिश मांडणीत ते डाव्या शिफ्टला लागून असलेल्या जादा बटणावर असतं, आणि ते बटण या लॅपटॉपवर नसतंच. तात्पुरतं उजवं ऑल्ट धरून १ च्या डावीकडचं बटण दाबलं की | मिळतं. अशा वेळी बरेच जण कीबोर्ड बिघडला समजून दुकान गाठतात. पैसे घालवण्याआधी शिफ्ट-२ दाबून पाहा. " उमटलं तर बटणं ठणठणीत आहेत, लेआउट चुकलाय.

इन्स्टॉलरमध्ये लेआउट तपासायला वेगळी चौकट नाही, याचा सुरुवातीला फार राग येतो. आता मत जरा मवाळ झालंय. पुढे संगणकाचं नाव विचारतात ती चौकटच चाचणीला पुरते: तिथे @ # | टाइप करून पाहा, चुकलं तर मागे जाऊन लेआउट बदला, बरोबर असेल तर चिन्हं पुसून नाव लिहा. पासवर्डच्या पानावर तो उघडा दाखवायचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. या दोन गोष्टी केल्या तर खालचं काहीच करावं लागत नाही.

केल्या नसतील तर खरी अडचण इथे आहे. मनातला पासवर्ड # असलेला, पण साठवला गेला £ असलेला. ब्रिटिश लेआउट आहे तोवर सगळं सुरळीत चालतं. तो सुधारून अमेरिकन केला की £ कुठल्याच बटणावर उरत नाही आणि लॉगिन बंद. @ असेल तर निदान शिफ्ट धरून " छापलेलं बटण दाबता येतं. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केली असेल तर मात्र हाल विचारू नका, कारण बूट होताना पासफ्रेज (डिस्क उघडायचा पासवर्ड) विचारला जातो तिथे लेआउट बदलायची सोयच नसते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जुना लेआउट तसाच ठेवून आधी ‘पासडब्ल्यूडी’ने पासवर्ड बदला, नव्यात फक्त छोटी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, कारण ते दोन्ही मांडण्यांत सारखेच. लांबी वाढवा, म्हणजे चिन्हांची उणीव भरून निघेल. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मग ‘एलएसबीएलके -एफ’ने एन्क्रिप्टेड पार्टिशन शोधा आणि ‘क्रिप्टसेटअप लक्सअ‍ॅडकी’ने त्यात दुसरा पासफ्रेज घाला. जुना लगेच काढू नका. लक्समध्ये (डिस्क एन्क्रिप्ट करायची लिनक्सची पद्धत) अनेक किल्ल्या, म्हणजे पासफ्रेज, एकत्र राहतात. रीबूट करून नव्या पासफ्रेजने डिस्क उघडते याची खात्री झाल्यावरच ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ चालवा, १०५ बटणांचा जेनेरिक पीसी आणि अमेरिकन इंग्लिश निवडा. /ईटीसी/डीफॉल्ट/कीबोर्ड ही फाइल हाताने बदलली असेल, तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ विसरू नका. नाहीतर बूटच्या वेळी जुनाच लेआउट राहतो.

एवढं करूनही ग्नोममध्ये (डेबियनचा नेहमीचा डेस्कटॉप) £ येतच असेल, तर ग्नोमची लेआउटची यादी वेगळी असते. सेटिंग्जमध्ये कीबोर्डखालच्या इनपुट सोर्सेसमधून ब्रिटिश काढा. टर्मिनलमधून लेआउट बदलायची ‘सेटएक्सकेबीमॅप’ची जुनी युक्ती वेलँडवर (ग्नोमची पडदा हाताळणारी नवी यंत्रणा) चालत नाही, त्यात वेळ घालवू नका.

त्याच यादीत ‘इंग्लिश (इंडिया, विथ रुपी)’ आहे. मांडणी अमेरिकनच, फक्त उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं. हिशेब लिहिणाऱ्यांनी हेच घ्यावं, फार सोयीचं आहे. मराठीसाठी ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज टाकून लॉगआउट-लॉगिन करा, मग इनस्क्रिप्ट (देवनागरी बटणांची मांडणी) किंवा आयट्रान्स (इंग्रजी अक्षरांतून मराठी) यादीत घालता येतं; सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. मराठी लेआउट मात्र फक्त ग्नोममध्येच ठेवा. कीबोर्डच्या फाइलमध्ये एकटं ‘आयएन’ (देवनागरी लेआउट) लिहिलं, तर कन्सोलवर (डेस्कटॉपशिवायचा नुसत्या अक्षरांचा पडदा) लॉगिनचं नाव टाइप करायला इंग्रजी अक्षरंच मिळत नाहीत.