नऊ नंबरचे छर्रे आणि माझे ऐंशी डॉलर

सेंट लुईसला येऊन मला एकोणीस वर्षं झाली, शिकारीचा परवाना काढून सहा. तरी गेल्या वसंतात गन-शोमध्ये, म्हणजे बंदुका-काडतुसांच्या प्रदर्शनात, एका टेबलवाल्यानं मला सरळ सरळ उल्लू बनवलं.

टर्की पक्ष्याच्या शिकारीचा सीझन तोंडावर होता. टंगस्टन धातूचे छर्रे (काडतुसात भरतात ते दाणे) फार लांब मारतात असं जो तो सांगत होता. पण दुकानात तसल्या एका काडतुसाला दहा डॉलरच्या आसपास पडतात. या बाबाकडे मात्र ‘टंगस्टन, ९ नंबर’ अशी चिठ्ठी लावलेल्या साध्या डब्यात वीस काडतुसं ऐंशी डॉलरला. म्हणाला, घरीच भरतो, म्हणून स्वस्त. वर म्हणाला, हीच नोव्हेंबरात बदकांनाही चालतील. पावती मागितली तर हसला. मीही हसलो. तिथंच उठायला हवं होतं, कारण विकण्यासाठी काडतुसं भरायची तर इथं फेडरल परवाना लागतो आणि परवानावाला पावतीला हसत नाही.

छर्ऱ्याचा नंबर उलटा चालतो. नंबर मोठा तसा छर्रा बारीक. १७ मधून नंबर वजा करा, उरेल तितके शतांश इंच त्याची जाडी. म्हणजे ५ नंबर ०.१२ इंच, ९ नंबर ०.०८ इंच, जेमतेम मोहरीएवढा. एवढासा दाणा टर्कीला पुरतो तो केवळ टंगस्टनच्या जडपणामुळे. पाण्याच्या अठरा पट जड असतो तो, शिसं अकरा पट, पोलाद आठच्याही आत. म्हणून टर्कीला शिशाचा ४ ते ६ नंबर वापरतात आणि बदकाला पोलादाचा २ किंवा ४. आमच्या मिसूरी राज्यात टर्कीला ४ पेक्षा जाड छर्रा चालतही नाही. हे सगळं मला पाठ होतं, पण डब्यावरचा ‘९’ वाचला आणि आत धातू कोणता हे त्या माणसाच्या तोंडावर सोडून दिलं.

एप्रिलात एक नर पंचेचाळीस यार्डांवर आला. बार टाकला. पिसं उडाली, पक्षी लोळला, उठला आणि झाडीत पळाला. दोन तास शोधला, सापडला नाही. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

शेजारच्या म्हाताऱ्याला उरलेली काडतुसं दाखवली. त्यानं एक उन्हात धरून फिरवलं. प्लास्टिकवर घासून काढलेल्या छपाईचा अंधूक ठसा होता: ७½. कुणीतरी सरावाच्या मातीच्या चकतीवर उडवलेलं रिकामं काडतूस उचलून पुन्हा भरलेलं. मग ब्लेडनं कापून छर्रे पोह्यांच्या डिशमध्ये ओतले. एक पकडीत दाबला तर चपटी टिकली झाली. टंगस्टन असा चेपत नाही. खात्रीसाठी काट्यावर दहा ग्रॅम मोजून चिमट्यानं एकेक दाणा बाजूला केला. टंगस्टनचे सव्वाशेच्या आसपास भरायला हवे होते, कारण औंसाला (सुमारे २८ ग्रॅम) ते साधारण ३६० बसतात. माझे दोनशे चार भरले. म्हणजे निव्वळ शिसं. (ती डिश बायकोनं पुन्हा स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.)

लोहचुंबकावर विसंबू नका. पोलाद चिकटतं. शिसं आणि बिस्मथ (छर्ऱ्यांचा आणखी एक धातू) दोन्ही चिकटत नाहीत, त्यामुळे या दोघांतला फरक त्यानं कळत नाही. बिस्मथ हातोडीखाली भुगा होतो, शिसं पसरतं.

मला घाम फुटला तो बदकांच्या विचारानं. १९९१ पासून अख्ख्या अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे बंद आहेत. तळाशी पडलेले दाणे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. बार टाकायचीही गरज नाही, शिकार करताना शिशाचं काडतूस नुसतं खिशात सापडलं तरी गुन्हा. वन्यजीव खात्याचे एजंट पाणथळीत येऊन खिसे बघतात. माझ्या जाकिटात त्या टेबलवाल्याची काडतुसं निघाली असती, तर ‘मला टंगस्टन म्हणून दिली’ हे कोण ऐकणार होतं?

पुढच्या शोला मुद्दाम गेलो. त्याच कोपऱ्यात एक बाई मध विकत होत्या. त्या माणसाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही आजचे तिसरे.