घरपोच ‘इन्फ्लमेशन पॅकेज’: घ्यायचंच तर अर्धं घ्या

ताप-खोकल्याच्या साथीत ठाण्यातल्या लॅब घरी येऊन रक्त नेतात, ही सोय चांगलीच. खटकतं ते ‘इन्फ्लमेशन’ म्हणजे शरीरातला दाह मोजणारं पॅकेज. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (दाह झाला की वाढणारं प्रथिन), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), एलडीएच (पेशींच्या आतलं एन्झाइम) आणि आयएल-६ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) अशी मोट बांधलेली असते. घरीच उपचार चाललेल्या बहुतेकांना सीबीसी आणि सीआरपी पुरतात. आयएल-६ यातली महागडी चाचणी, आणि तिचा आकडा हातात आला तरी त्यावर घरी करण्यासारखं काही नसतं. ‘पॅकेज स्वस्त पडतं’ हा हिशेब बऱ्याचदा तिच्याच जोरावर मांडलेला असतो. फोनवर सुट्या चाचण्यांचे दर विचारा. उपाशी राहायची गरज नाही.

सेवेचा खरा कस रक्त घेताना लागतो. आधी निळ्या झाकणाची ट्यूब, मग लाल किंवा पिवळी, शेवटी जांभळी, हा क्रम चुकता कामा नये. निळीत 1 भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारा द्रव) असतं, त्यात 9 भाग रक्त हवं, म्हणजे खुणेपर्यंत भरलेली. अर्धवट भरलेली निळी ट्यूब डी-डायमरसाठी बाद समजावी. फुलपाखरू सुई (पंखांची, लांब नळी जोडलेली सुई) वापरली तर नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये शिरते आणि ती कमी भरते. म्हणून जाणता माणूस आधी एक ट्यूब फुकट घालवतो. जांभळी 8 ते 10 वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, खळखळवायची नाही. दंडाचा पट्टा मिनिटभराच्या आत सुटायला हवा.

एवढं काटेकोर का, तर लाल पेशींच्या आत एलडीएच ठासून भरलेलं असतं. सिरिंज जोरात ओढली, ट्यूब खळखळवली किंवा बर्फाच्या पॅकला थेट टेकली, की पेशी फुटतात आणि रुग्ण ठणठणीत असला तरी एलडीएच चढतं. वरून घोडबंदर रोडची कोंडी. सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी) साधारण दोन तासांत वेगळं व्हायला हवं, म्हणून ‘नमुना जवळच्या शाखेत यंत्रात फिरवून सीरम वेगळं करता की तसाच मोठ्या लॅबला पाठवता?’ हे बुकिंग करतानाच विचारावं. याच रस्त्यावरच्या कासारवडवलीकरांनी सकाळचा पहिला स्लॉट धरावा.

रिपोर्टमध्ये घोळ होतो तो एककांचा. एका लॅबचं सीआरपी 4.8 मिग्रॅ प्रति डेसिलिटर आणि दुसरीचं 48 मिग्रॅ प्रति लिटर, हा एकच आकडा. डी-डायमर एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत मोजतात. पहिल्यातला आकडा दुसऱ्यातल्याच्या साधारण दुप्पट. लॅब बदलली आणि ‘डी-डायमर डबल झालं’ म्हणून घर हादरलं, तर आधी हे तपासा. दुसरी चाचणी त्याच लॅबकडे. काही पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी (सीआरपीची अतिसंवेदनशील चाचणी) घुसवलेलं असतं. ते हृदयाच्या जोखमीसाठी, तापात त्याचा उपयोग नाही. फेरिटिन फॅटी लिव्हरमध्येही वाढतं, डी-डायमर गरोदरपणात आणि उतारवयातही.

वेळेचं गणित कुणी सांगत नाही. सीआरपी दाह सुरू झाल्यावर 6 ते 8 तासांनी चढू लागतं आणि 36 ते 50 तासांत शिखर गाठतं. ताप आल्या दिवशीच रक्त दिलं तर नॉर्मल आलेला रिपोर्ट फसवा असू शकतो. सीआरपीचं अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे 19 तास, त्यामुळे रोज तपासण्यापेक्षा 48 तासांनी पाहिलेला कल अधिक बोलका. कोविडमध्ये तब्येत ढासळते ती बऱ्याचदा पहिला आठवडा सरता सरता, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये. सीबीसीत लिम्फोसाइटची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) टक्केवारी नको, एकूण संख्या बघा; प्रौढांत ती प्रति मायक्रोलिटर 1000 च्या खाली घसरली तर डॉक्टरांना कळवा. स्टेरॉइड चालू असेल तर न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्यानेच वाढतात, हेही सांगा.

एक मात्र बजावून सांगायला हवं. सीआरपी वाढलं म्हणून आपल्या मनाने स्टेरॉइड सुरू करू नका. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘रिकव्हरी’ या औषधांच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा दिसला तो ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांना. न लागलेल्यांना नाही. त्याच चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी (आयएल-६ चा परिणाम रोखणारं औषध) सीआरपी 75 मिग्रॅ प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आणि ऑक्सिजन कमी, अशा दोन्ही अटी एकत्र होत्या. ऑक्सिमीटर 94 च्या खाली दाखवू लागलं, तर लॅबवाल्याची वाट बघत बसू नका, रुग्णालय गाठा. रक्त तिथेही घेतात.