क्रिप्टोग्राफी: आधी वही-पेन का आधी पायथॉन?

दारव्ह्याकडच्या एका पोरानं विचारलं, भाऊ, यंदा क्रिप्टोग्राफी (मेसेज गुप्त करायचं शास्त्र) हाय, आधी वहीत गणित करू का डायरेक्ट पायथॉनमध्ये (प्रोग्राम लिहायच्या भाषेत) कोडिंग?

खर्च दोन्हीले नाहीच म्हणा, पायथॉन फुकट हाय, पण लॅपटॉप लागते अन् गावात लाईन गेली की काम थांबते.

डोक्यात टिकते ते वहीतलंच. १९७७ चं आरएसए, म्हणजे दोन चाव्यांनी मेसेज गुप्त करायची पद्धत, छोट्या आकड्यांवर करून पाय: मूळ संख्या ३ अन् ११, गुणाकार ३३, पब्लिक की (सगळ्यांले सांगायची चावी) ३, प्रायव्हेट (फक्त आपल्याजवळची) ७. मेसेज ४ चा घन ६४, ३३ नं भागलं की बाकी ३१, आता ३१ चा सातवा घात घेऊन परत ३३ नं भाग, बाकी बरोबर ४! हे हातानं जमलं की मॉड्युलो, म्हणजे हे बाकीचं गणित, इसरत नाही.

एईएस (एकाच चावीनं गुप्त करायची पद्धत) मात्र हातानं करू नको, १२८ बिटच्या कीले १० राउंड, म्हणजे १० फेऱ्या, लय वेळ जाते. तिथं पायथॉनच पायजे. ईसीबी मोडमध्ये (प्रत्येक ब्लॉक, म्हणजे मेसेजचा तुकडा, वेगवेगळा गुप्त करायची रीत) सारखे ब्लॉक टाकले की आउटपुटबी सारखंच येते, हे स्क्रीनवर दिसलं की तो मोड का टाळायचा ते पटते.

परीक्षेचा पेपर पास करायचा, पुढं एमएस्सी करायची असन तर आधी वही. सिक्युरिटीत जॉब पायजे असन तर आधी पायथॉन, अन् खऱ्या कामात घरी बनवलेला सायफर (गुप्त करायची पद्धत) नाही, तपासलेली लायब्ररीच (तयार कोडच) वापर.