फोटोरेक : फाइली आल्या, नावं गेली

कराडात गेली सतरा वर्षं माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे बोर्ड. कॉम्प्युटर घरातच, पुढच्या खोलीत. जूनमध्ये एका दुपारी तीनदा लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली होतीच, ‘बदलू की’ म्हणत वर्ष काढलं होतं. मशीन परत चालू झालं आणि डी ड्राइव्ह उघडायला गेलं की ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारायला लागलं. मी चहाला गेलो होतो. पुतण्यानं माझ्या माघारी ‘हो’ म्हणून टाकलं.

नशीब एवढंच की ते क्विक फॉरमॅट होतं. त्यात फक्त फाइलींची यादी जाते, फाइली जागेवरच राहतात; म्हणजे मतदारयादी फाडली जाते, माणसं घरातच असतात. पूर्ण फॉरमॅट झालं असतं, तर विंडोजनं सगळीकडे शून्यं लिहिली असती आणि विषय संपला असता. एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क, असती तरी अवघडच होतं. तिच्यात ट्रिम नावाची सोय चालू असली की मोकळी झालेली जागा ती आतल्या आत पुसून टाकते. माझी जुनी फिरती डिस्क होती. ती काढून बाजूला ठेवली, तिच्यावर एक अक्षरही लिहू दिलं नाही. पुण्यात एका ठिकाणी डेटा काढायचा खर्च विचारला. आकडा ऐकून फोन ठेवला.

मग फोटोरेक, म्हणजे गेलेल्या फाइली डिस्कवरून परत काढणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, टेस्टडिस्क या त्याच्या जोडीदार सॉफ्टवेअरबरोबर एकाच डाउनलोडमध्ये येतं. ते नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर चालतं; त्याची भीती वाटत असेल तर त्यातलंच क्यूफोटोरेक उघडा, तिथं माउस चालतो. नाव फोटोचं असलं तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतं. ते यादी बघतच नाही, डिस्क सुरुवातीपासून चाळतं आणि फाइलीच्या तोंडावळ्यावरून ती उचलतं. सापडलेला माल ठेवायला दुसरी डिस्क लागते, त्याच डिस्कवर ठेवाल तर उरलंसुरलंही जाईल.

पहिल्यांदा मी सगळ्या प्रकारांवर टिक तशीच ठेवली. रात्री लावलं, सकाळी बघतो तर फोल्डरच फोल्डर, प्रत्येकात पाचशे फाइली. त्यात वेबसाइटची चिल्लर चित्रं आणि गुड मॉर्निंगचे गुलाब. दुसऱ्यांदा फक्त हवं ते निवडलं. माझ्यासारखं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: यादीत कोरल शोधत बसू नका. कोरलच्या जुन्या सीडीआर फाइली ‘रिफ’ या प्रकारात येतात, व्हिडिओ-ऑडिओच्या पंगतीत. मलाच ते कळायला अर्धा दिवस गेला.

जुन्या पत्रिका बऱ्याचशा आल्या. काही उघडल्यावर अर्ध्याच निघाल्या. डिस्कवर तुकड्यातुकड्यात पडलेली फाइल याला नीट जोडता येत नाही. घरचे फोटो छान आले. कॅमेऱ्यानं फोटोतच तारीख लिहिलेली असते, त्यामुळे ते वर्षवार लावताही आले.

पण नावं गेली. ‘पाटील-लग्न-फायनल-३-खरंच फायनल’ या फाइलीचं आता एफ आणि पुढं आठ आकडे झालेत. आत शोधावं म्हटलं, तर आमचे फाँट जुने, युनिकोड नाहीत. पडद्यावर ‘चि. सौ. कां.’ दिसतं, पण फाइलीच्या पोटात इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची भेळ असते. ‘पाटील’ टाइप करून काय सापडणार? एकेक उघडायची, नवरदेवाचं नाव वाचायचं, नाव द्यायचं, बंद करायची. रोज रात्री जेवण झालं की चाळीसेक होतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नावांसाठी, खरं तर तो पुतण्याचा कापायला हवा. बॅटरी बदलली, दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. एक बहिणीच्या घरी असते, दर रविवारी अदलाबदल.

परवा एक गिऱ्हाईक आलं. ‘थोरल्याची केली होती तशीच धाकट्याची करा, फक्त नावं बदला.’ म्हटलं, थोरल्याचं लग्न कधी झालं? ‘झाली असतील पाच-सहा वर्षं.’ त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि एफपासून सुरुवात केली.