योकोहामा ए०५२ आणि जेमतेम ८६० किलोंची गाडी

टायर किती चालले असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गाडीचं वजन किती? पंधराशे किलोंच्या गाडीवाल्याचा अनुभव माझ्या काही कामाचा नाही, आणि माझा त्याच्या. माझी लोटस एलिस दुसऱ्या पिढीची. वजन साधारण ८६० किलो, इंजिन सीटच्या मागे, त्यामुळे भाराची वाटणी पुढे ३८ टक्के आणि मागे ६२ टक्के. मी आत बसल्यावर हिशेब केला तर पुढचं एकेक चाक १८० किलोही पेलत नाही, मागचं मात्र २९० च्या घरात जातं. तिच्यावर योकोहामाचे ॲडव्हान ए०५२ टायर आहेत, मापं पुढे १९५/५० आर १६, मागे २२५/४५ आर १७. रेसच्या ट्रॅकवर जायचं ते याच टायरांवर आणि घरी यायचं तेही याच टायरांवर. गाडी ट्रेलरवर लादून न्यायची चैन आपल्याला परवडत नाही.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, ट्रेडवेअर (झिजेचा अंक) २०० असं लिहिलंय. या आकड्यावर लोक तासन्‌तास भांडतात, म्हणून तो येतो कुठून ते सांगतो. अमेरिकेच्या सरकारी पद्धतीत टायर साध्या सार्वजनिक रस्त्यांवर, गाड्यांच्या ताफ्यात, ७,२०० मैल म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर पळवतात आणि त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडून बघतात. त्या मोजणीत २०० वाला १०० वाल्याच्या दुप्पट टिकायला हवा. मात्र शेवटी छापायचा आकडा कंपनीच ठरवते. हौशी स्पर्धांच्या बऱ्याच वर्गांत किमान २०० ची अट असते, तेव्हा इतक्या कंपन्यांच्या चिकट टायरांवर नेमका २०० च का उमटतो हे कळायला ज्योतिषी नको. योकोहामाचाच जुना ए०४८ एक्सीजवर, म्हणजे एलिसच्या ट्रॅककडे झुकलेल्या भावंडावर, कारखान्यातून बसून यायचा, त्यावर सरळ ६० लिहिलेलं असायचं. ट्रॅकवरची झीज यातला कुठलाच आकडा सांगत नाही.

माझ्या गाडीवर मागचे टायर पुढच्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने उतरले. त्यात नवल नाही: भार मागे, इंजिनाची ताकदही मागेच. शिवाय एलिसला मागे पावणेदोन अंशांच्या आसपास निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, असतो आणि पुढे जवळपास शून्य. त्यामुळे मागचा टायर रस्त्यावर आतल्या कडेने झिजतो आणि पुढचा ट्रॅकवर बाहेरच्या खांद्याने. वरवर बघितलं तर मागचा टायर छान दिसतो. आत हात घालून कडेवरून बोटं फिरवली की खरी गोष्ट कळते. माझ्याकडे मधल्या खाचेत खोली मोजायचा गेज साडेतीन मिलिमीटर दाखवत होता तेव्हा आतल्या खाचेत जेमतेम दोन उरले होते. बहुतेक देशांत कायद्याची मर्यादा १.६ ची. साधा टायर नवा असताना आठेक मिलिमीटरचा असतो, या जातीचे मुळातच त्याहून उथळ, म्हणजे खर्चायला फार भांडवल नसतंच.

आणि तरीही माझं म्हणणं असं आहे की हलक्या गाडीवर मिलिमीटर मोजत बसू नये. आधी संपते ती पकड.

ए०५२ ची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की तो पटकन तापतो. हलकी गाडी टायरमध्ये उष्णताच कमी ओतते. जड, ताकदवान गाड्यांसाठी बनवलेले कडक रबर-मिश्रणाचे टायर एलिसवर चार लॅपनंतरही अर्धवट झोपेत असतात. हा दुसऱ्या लॅपला जागा होतो, आणि पावणेदोनशे किलोंच्या पुढच्या चाकालाही चावा मिळतो. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे तो चावा थेट तळहाताला कळतो. भार कमी म्हणून झीजही बेताची.

पण दर वेळी तापून निवताना रबर थोडं थोडं कडक होत जातं. माझं काम रबराच्या सीलचं, त्यामुळे ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, हाताशी असतो. थंड टायरवर, त्याच जागी, शोअर ए मोजपट्टीवर (आकडा जास्त तितकं रबर कडक) नवे असताना साठच्या आसपास भरले होते. आता पुढचे सत्तरीला टेकलेत. खाचा अजून भरपूर आहेत, फोटो काढून दाखवले तर कुणीही म्हणेल निम्मं आयुष्य बाकी आहे. ट्रॅकवर मात्र ब्रेक सोडून आत वळताना नाक पूर्वीसारखं येत नाही, वाट बघावी लागते. ही कुरकुर ए०५२ बद्दलची नाही, मऊ मिश्रणाचा प्रत्येक टायर असाच म्हातारा होतो. जड गाडीवर तो म्हातारा व्हायच्या आधी झिजून मरतो, एवढंच.

म्हणून काही गोष्टी मी कटाक्षाने पाळतो. नवा संच पहिल्यांदा हळूहळू तापवायचा आणि मग किमान एक दिवस त्याला हात लावायचा नाही. डावी-उजवी चाकं अधूनमधून बदलायची, कारण घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर डावी जास्त झिजतात. नक्षी एकाच दिशेने फिरायला बांधलेली नसल्यामुळे हे जमतं. पुढची-मागची मापंच वेगळी, तो मार्ग बंद. हवेचं म्हणाल तर थंड असताना पुढे २६, मागे २९ पीएसआय ही माझी सुरुवात. टायरमधली हवा दर १० अंशांनी तापली की दीडेक पीएसआय वाढते, ती काढली नाही तर मधला पट्टा उगाच घासतो. परतीला निघताना पुन्हा भरायची, हे विसरणारे फार.

पावसात जपून. विमानांच्या चाकांसाठी नासाच्या संशोधनातून आलेलं एक जुनं सूत्र आहे: पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला ताशी ९६ किलोमीटर, तर २६ ला ८५ च. मोटारीला ते तंतोतंत लागू पडत नाही, खाचांवरही बरंच अवलंबून असतं, पण कमी हवा, कमी वजन आणि उथळ खाचा हे तिन्ही एकाच गाडीत आहेत हे लक्षात असू द्या.

विकत घेताना टायरच्या बाजूवरच्या DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती बनवल्याची तारीख. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एका विक्रेत्याने मला तीन वर्षं जुना माल नवा म्हणून पुढे केला होता. "अहो, गोदामात होते, चाललेत कुठे?" मी ड्युरोमीटर काढून टेकवला आणि संच तिथेच ठेवून आलो.

मागची जोडी आता बदलायलाच हवी. फक्त मागचे नवे टाकून पुढचे सत्तरीचे ठेवले तर गाडी वळणात सरळच जात राहील. फक्त पुढचे नवे टाकले तर मागचा भाग कधी पुढे येईल सांगता येत नाही, आणि इंजिन मागे असलेल्या गाडीत तो प्रयोग मी करणार नाही. तेव्हा चारही नवे, पुन्हा ए०५२ च, फक्त या वेळी आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून पुढे एक अंश निगेटिव्ह कॅम्बर मागून घेणार आहे. वर्षातून एकदाच ट्रॅकवर जाणाऱ्याने मात्र यांच्या नादी लागू नये. त्याने रस्त्याचा चांगला टायर घ्यावा आणि दोन सेकंद हळू जावं.