दिरहम वाचवायला गेलो अन् मायचं सोयाबीन गेलं

स्वस्तात घरी फोन करायच्या नादात मायचे पैसे कसे गेले, ते लिहू का नको करत बरेच दिवस काढले, कारण यात मी काही लई शहाणा ठरत नाही. पण मागच्या सुट्टीला एक प्रकार झाला, तो शेवटी सांगतो, त्याच्यामुळं म्हणलं आता लिहूनच टाकावं, हसणाऱ्यांनी हसावं.

आमचं गाव औसा तालुक्यात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल, २०१६, त्याच साली मी दुबईला आलो, एसीच्या कामावर. राहायला सोनापूर. मुंबईच्या माणसाला सोनापूर म्हणलं की स्मशान आठवतं, इथं मात्र लेबर कॅम्पच्या अख्ख्या इलाक्याला सोनापूर म्हणतात, सरकारी नाव मुहैसना. एका खोलीत सहा जण, दोन मजली पलंग, अन् प्रत्येकाच्या उशाला चार्जर.

इथं नवीन येणाऱ्याला पहिला झटका बसतो तो फोनचा. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, व्हॉइस नोट जाते, फोटो जातो, पण कॉल लावला की तो लागतच नाही. युएईत इंटरनेटवरून कॉल करायला सरकारनं परवानगी दिलेलीच ॲप चालतात, बॉटिम वगैरे, ते इथं सगळ्यांकडं असतं. काही पोरं व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातलं दाखवणारं ॲप, टाकून व्हॉट्सॲप कॉल करतात, पण व्हीपीएन वापरून गुन्हा केला तर कायद्यात दंड आहे ५ लाख ते २० लाख दिरहम, रुपये नाही, दिरहम. सगळ्यांनाच धरतात असं नाही, पण माझा पगार १४०० दिरहम, मी त्या भानगडीत पडलो नाही. हे मी मोठ्या अभिमानानं सांगायचो सगळ्यांना. अन् पडलो दुसऱ्याच भानगडीत.

आता बॉटिम असून काय उपयोग, ते दोन्हीकडं लागतं. मायकडं बटनाचा फोन. दादांना ऐकू कमी येतं, ते फोन घेतच नाहीत. बायकोकडं स्मार्टफोन, पण ती बाळंतपणाला उदगीरकडं माहेरी गेलेली. घरी फक्त दोघं म्हातारा म्हातारी. मला पाहिजे होता साधा फोन, इथून लावला की तिकडं त्या बटनाच्या फोनवर रिंग वाजली पाहिजे. तसा सिमवरून लागतो की, इंडियाचा पॅक मारला तर परवडतो पण, फक्त पॅक न मारता सरळ लावला की दिरहम असे उडतात की बोलण्यात लक्षच राहत नाही, माय तिकडं म्हशीचं सांगायली अन् मी इकडं डोक्यात २३ नं गुणाकार करायलो. दिरहम तेव्हा २३ रुपयाच्या आसपास होता.

तर कॅम्पच्या बाहेर किराणा दुकानापाशी एक जण सुट्टीच्या दिवशी येऊन बसायचा. आपल्याकडचाच, म्हणजे इंडियाचा, हिंदी बोलणारा, गोड माणूस. त्याच्याकडं डायलर होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डायलर म्हणजे फोनमध्ये टाकायचं एक ॲप, त्यात त्यानं दिलेला युजर नंबर अन् पासवर्ड टाकायचा, बॅलन्स मिनिटात दिसतो, अन् त्यातून जगात कुठल्याबी साध्या फोनवर कॉल लावायचा. हे ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, त्यानं ब्लूटूथनं पाठवलं. तिथंच खरं तर उठायला पाहिजे होतं. १५० दिरहम, वर्षभराचे ३००० मिनिटं. मी म्हणलं बघू पुढच्या महिन्यात. तर तो म्हणला, अरे पैसे कौन मांग रहा है, पहले माँ से बात करो. अन् माझ्याच फोनवरून, त्याच्या ॲपमधून, मायचा नंबर मलाच टाकायला लावून टेस्ट कॉल लावून दिला. चार दिवसांनी मायचा आवाज ऐकला मी. ती म्हणली, का रं, जेवलास का? आता सांगा, यानंतर कोण घासाघीस करतं. १५० मोजून दिले अन् वर चहा पाजला त्याला.

पहिले वीस एक दिवस झकास. नंतर मला शंका आली की मिनिटं लवकर संपायलेत. मी डक्टचं काम करतो, खिशात मार्कर असतोच, तर खोलीत पलंगावरच्या पत्र्यावर लिहायला लागलो, फोन किती वाजता लावला, किती वाजता ठेवला, बॅलन्स आधी किती अन् नंतर किती. ११ मिनिटं बोललो तर १५ गेले. ४ मिनिटं बोललो तर ९. नुसती रिंग वाजली, मायनं उचललाच नाही, तरी ३ गेले. आठवडाभर लिहिलं अन् हिशोब लागला. जोडणीचे म्हणून ३ मिनिटं आधीच कापायचे, मग बोलणं तीन तीनच्या पटीत मोजायचं, वर रोजचा एक मिनिट बोला न बोला. जुन्या कॉलिंग कार्डवाल्यांची पण हीच विद्या, जुने लोक सांगतात, कार्डावर लिहिलेलं मिनिट अन् घड्याळातलं मिनिट एक नसतं. त्याला विचारलं तर म्हणला टॅक्स आहे. कशाचा टॅक्स बाबा? पण खरं सांगू का, तरी सिमपेक्षा स्वस्तच पडायलं होतं, म्हणून गप बसलो.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नाही. माय एकदा म्हणली, तुझा नंबर रोज येगळा का दिसायला? मी विचारलं कसा दिसतोय, तर ती एक एक आकडा वाचून दाखवली. मायला अक्षर येत नाही, आकडे येतात. तो नंबर इंडियाचाच होता, ९१ लागून दहा आकडी, अन् दर वेळेला नवीन. मला वाटलं ॲपचं काहीतरी असंल. आता माहिती आहे ते काय असतं. सिम बॉक्स म्हणतात त्याला. इथून कॉल इंटरनेटनं इंडियात जातो, तिथं कुठंतरी खोलीत डबा असतो, त्यात ढीगभर सिम घातलेले, त्यातलं एखादं सिम तुमच्या घरी लोकल कॉल लावतं. परदेशातून येणाऱ्या कॉलचे जे पैसे कंपनीला अन् सरकारला मिळायचे ते बुडतात, अन् फोन कुठून आला कुणी केला ते कळत नाही. म्हणून तो गुन्हा आहे. अन् हे कुठं लांब नाही, २०१७ साली आमच्या लातुरातच असले बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज एटीएसनं पकडले होते. मी तेव्हा इथंच होतो, बातमी वाचली होती, पुढं ढकलली होती, अन् सात वर्षांनी तसल्याच डब्यातून मायला फोन करत होतो.

तर मी मायला काय सांगितलं? म्हणलं माय, कुठलाबी नंबर दिसू दे, तू उचल, मीच असतो. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं. त्याच्या आधी माय अनोळखी नंबर उचलतच नव्हती.

२०२४ ची दिवाळी. सोयाबीन काढून झालेलं, हमीभाव ४८९२ पण विकलं गेलं ४१०० नं, अकरा क्विंटल. ४५ हजार आले, ते मायनं बँकेत टाकले, शेजारच्या पोराच्या मदतीनं, कारण व्यवहार सगळा त्याच्या फोनवरून चालतो. दिवाळीच्या तोंडावर डायलर बंद पडला. त्या माणसाचा मेसेज आला, सर्वर अपडेट, दो दिन रुको. बरं, म्हणलं दोन दिवसांनी बोलू.

त्याच दोन दिवसांत मायला फोन. इंडियाचा नंबर, रोजच्यासारखा अनोळखी. पलीकडून बसलेल्या घशानं, माय मी बोलतोय, मला पोलिसांनी धरलंय, अन् रडणं. मराठीत एवढंच. लगेच दुसरा माणूस, हिंदीत, तुम्हारा बेटा गैरकानूनी ॲप से फोन करता था, दुबई में जेल होती है, साठ हजार भरो तो छोड़ेंगे, किसी को बताना नहीं. मायला हिंदी निम्मी कळते पण जेल कळलं. अन् बघा, ॲपचं खरंच होतं! मी एकदा बोलता बोलता तिला सांगितलं होतं की हे जरा गुपचूपचं काम आहे, कुणाला सांगू नको. मग तिला खोटं वाटायचं कारणच काय? तिनं शेजारच्या पोराला हाताला धरून आणलं, कशाला ते सांगितलं नाही, फक्त पाठव म्हणली. आधी २२ हजार, मग २० हजार. तिसऱ्यांदा पोरगं अडलं, म्हणलं मावशी आधी मला सांगा हे कुणाला पाठवायलो.

मला कळलं दुसऱ्या दिवशी रात्री, त्या पोरानं बॉटिम टाकून मला कॉल केला तेव्हा. मी पलंगावर बसून लाडू खात होतो, बायकोनं कुणाबरोबर तरी पाठवलेला. माय त्या व्हिडिओत मला बघून आधी काहीच बोलली नाही. मग म्हणली, सुटलास का.

यापुढचं लवकर सांगतो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला लावला, तोपर्यंत तीसेक तास गेले होते. पहिल्या तास दोन तासात कळवलं असतं तर पैसे अडकवायचा चान्स बराच जास्त असतो, कारण तक्रार गेली की पैसे जिथं गेलेत ते खातं गोठवता येतं, उशीर झाला की पैसे खात्याखात्यातून फिरून काढून घेतलेले असतात. दोन्ही व्यवहाराचे १२ आकडी यूटीआर नंबर लागले, ते आधीच काढून ठेवा, फोनवर शोधत बसू नका. लातूरला सायबरच्या पोलिसांकडं पण जाऊन आले. ४२ हजारातले सहा हजार कुठल्यातरी खात्यात अडकलेत, बाकी गेले. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर चक्षु नावाची सोय आहे तिथं संशयित कॉल कळवता येतो, ३० दिवसाच्या आतला, पण ती पैसे गेलेल्यांसाठी नाही, त्यांच्यासाठी १९३० च. इंडियाचा नंबर दाखवून परदेशातला कॉल आला तर तेबी संचार साथीवर कळवता येतं. मी कळवलं नाही कारण तसा कॉल करणारा मीच होतो.

मायचं नाव, नंबर, मी कुठं असतो, त्यांना कसं कळलं? पुरावा माझ्याकडं नाही. पण टेस्ट कॉलला नंबर मी टाकलेला, ॲपनं टाकतानाच कॉन्टॅक्टची परवानगी मागितलेली अन् मी ओके दाबलेलं, त्यात ती 'माय घर' म्हणून सेव्ह. अन् सर्वर नेमका त्याच दोन दिवसात बंद. तुम्हीच काय ते समजा. तो माणूस त्यानंतर दुकानापाशी दिसला नाही, नंबर बंद, माझे हजारभर मिनिटं अजून ॲपात दिसतात.

आता मी महिन्याला सिमवर पॅकच मारतो. बाकी वेळ शेजारच्या पोराला व्हॉइस नोट पाठवतो, तो मायला ऐकवतो, तिची रेकॉर्ड करून पाठवतो, फुकट. मायच्या फोनवर आता माझा नंबर नऊ सात एकनं सुरू होतो अन् कायम तोच असतो, तिला पाठ करून घेतला. पण असा नंबर खोटा पण दाखवता येतो म्हणतात, म्हणून तिनंच एक काढलंय, फोन उचलला की आधी मला विचारती, चिंचेखालचं वावर औंदा बटईनं कुणाला दिलं? ते आमच्या घरच्यालाच माहिती. मी सांगेपर्यंत ती हॅलोबी म्हणत नाही. एकदा मी चिडून म्हणलं, माय आवाज ओळखू येईना का माझा, तर म्हणली, त्या दिशी बी ओळखलाच होता की.

तर मागच्या सुट्टीला काय झालं. दुसऱ्या कॅम्पमध्ये मित्राकडं गेलो होतो. तिथं जिंतूरचं एक पोरगं, येऊन दोन महिने झालेले, फोनवर डायलर. नाव वेगळं, रंग वेगळा, पण बॅलन्स तसाच मिनिटात. किती दिले विचारलं तर १८०. टेस्ट कॉल कुणाला लावला? मायला, म्हणला. मी काही बोललो नाही, त्याच्याकडून नंबर घेतला अन् माझ्या सिमवरून त्याच्या मायला लावला. म्हणलं मावशी, मी तुमच्या पोराच्या ओळखीचा, दुबईहून बोलतोय, ऐका, कुणी फोन करून पैसे...

पैसे म्हणलं अन् तिनं फोन कट केला. परत लावला, उचलला नाही. पोरगं ओशाळलं, म्हणलं दादा ती जरा तशीच आहे. म्हणलं राहू दे, तशीच राहू दे.